रेडिओला रंग दिसत नाही?

एकांनी लिहिलंय की रेडिओ हे सगळ्यात समतावादी माध्यम, कारण त्यावर गाणाऱ्याचा रंग दिसत नाही. दिसत नाही हे खरं, पण म्हणूनच तो रंग आवाजातून ओळखायची धडपड चालायची.

जुलै १९५४. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या रेडिओवर एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड वाजली. मूळ गाणं आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं, त्यामुळे हा पोरगाही काळाच, असं बऱ्याच श्रोत्यांना वाटलं. निवेदक ड्यूई फिलिप्स मोठा वस्ताद. त्याने एल्विसला स्टुडिओत बोलावून विचारलं, शाळा कोणती? उत्तर आलं, ह्यूम्स हायस्कूल. तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगवेगळ्या होत्या आणि ह्यूम्स गोऱ्यांची, त्यामुळे न बोलता खुलासा झाला!

उलटी गंमत चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाची. १९६६ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या सुरुवातीच्या कंट्री (गोऱ्यांचं मानलं जाणारं संगीत) रेकॉर्ड्स फोटो न छापता बाजारात आणल्या. लोकांनी आवाज ऐकून तो गोरा ठरवला. स्टेजवर प्रत्यक्ष आला की टाळ्या मधेच विरायच्या.

आणि हे गाण्यापुरतं नाही. जॉन बॉ या भाषाशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात भाड्याच्या घरांसाठी तीन ढंगांत फोन केले: प्रमाण, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वळणाचं इंग्रजी. माणूस तोच, वाक्यंही तीच. गोऱ्यांच्या वस्त्यांत प्रमाण इंग्रजीला घर बघायला या म्हणणारे जास्त निघाले. नुसत्या ‘हॅलो’वरूनही ऐकणारे बहुतेकदा अचूक ओळखत. आपल्याकडे घरमालकाला निदान आडनाव तरी विचारावं लागतं.