"आयलेट घाला, टाइप वन मधुमेह कायमचा बरा" म्हणे! गोळ्यांचं कोण सांगणार?

सातारची_आई: पालकांच्या ग्रुपवर काल कुणीतरी हे टाकलं आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने वाचलं. सकाळी पेन टोचून घेताना म्हणाला, "आई, आपणही करूया ना ते." म्हणून लिहितेय. मृत दात्याच्या स्वादुपिंडातून आयलेट, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, काढून यकृताच्या शिरेत सोडतात. २००० साली कॅनडात एडमंटनला डॉ. शपिरोंच्या टीमने सात जणांचं इन्सुलिन थांबवलं, हे खरं. पण तीच पद्धत पुढे ३६ जणांवर वापरली तेव्हा वर्षाने १६ जण इन्सुलिनशिवाय होते, आणि त्या १६ पैकी दोन वर्षांनी पाच. वर टॅक्रोलिमस, सिरोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालूच. त्या पोस्टीत गोळ्यांचा ग सुद्धा नाही!

निशाचर: ताई, मी २६ वर्षं टोचतोय. शुगर घसरून ४० ला आली तरी मला कळत नाही, घामही फुटत नाही. गेल्या पावसाळ्यात पहाटे तीनला बायकोने माझ्या हिरड्यांना मध चोळला तेव्हा शुद्धीवर आलो. मुलगी दारात उभी राहून रडत होती. अमेरिकेत २०२३ मध्ये या उपचाराला मंजुरी मिळाली ती अशाच मोठ्या माणसांसाठी. २०२५ मध्ये व्हर्टेक्स या औषध कंपनीने मूलपेशींपासून बनवलेल्या आयलेटचे निकाल दिले. पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभराने बंद होतं. दोन वर्षं मिळाली तरी मला हवीत.

किडनीवाल्याचा_भाऊ: त्याच चाचणीत एकजण क्रिप्टोकॉकल (बुरशीमुळे होणाऱ्या) मेंदुज्वराने गेला, तेही लिहा. माझ्या भावाची किडनी बदलून सहा वर्षं झाली. सकाळी आठ, रात्री आठ, गोळी चुकवायची नाही. हात इतका थरथरतो की चहा बशीत सांडतो. आणि टॅक्रोलिमसवर असतानाच त्याला मधुमेह लागला. ज्या गोळीने शुगर वाढते, किडनीला त्रास होतो, ती तुम्ही शुगरसाठी घेणार?

निशाचर: घाबरवू नका. रात्री झोपताना मला वाटणारी भीती तुम्हाला नाही.

नाशिकची_मीनू: गोळ्यांवर भांडताय, आणि आमच्या शाळेत पोरीला इन्सुलिन घ्यायला संडासात पाठवतात! वर्गात सुई नको म्हणे. मी दोन वर्षं मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभी आहे.

सातारची_आई: आमच्याकडेही तेच. बाई म्हणाल्या, बाकीची मुलं घाबरतात. पाण्याच्या टाकीमागे जाऊन घेतो.

किडनीवाल्याचा_भाऊ: सीबीएसईने २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेत खाऊ न्यायची परवानगी दिली. ते पत्रक मुख्याध्यापकांपुढे ठेवा.

नाशिकची_मीनू: ठेवलं. "आमचं बोर्ड वेगळं" म्हणाले. लेखी द्या म्हटल्यावर गप्प. गेल्या सोमवारी पोरीची शुगर ५४ होती आणि गणिताचे सर तिला म्हणाले, तास संपल्यावर खा. तुम्ही जन्मभराच्या गोळ्यांचं बोलताय, इथे दोन ग्लुकोज बिस्किटांना परवानगी नाही!

निशाचर: सरांचं नाव लिहून तक्रार करा. मीनूताई, मी सोबत येतो, मीही नाशिकचाच.

सातारची_आई: निशाचरदादा, मधाचं वाचून गलबलून आलं. तुमच्यासाठी ते योग्य असेल, मान्य. पण माझ्या नऊ वर्षांच्या पोराची प्रतिकारशक्ती मी आज दाबू देणार नाही.

निशाचर: मुलांसाठी नको, हे मलाही पटतं. स्वीडनमध्ये जनुकं बदललेल्या पेशी एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत घातल्यात, दाबणाऱ्या गोळ्यांशिवाय. पेशी टिकल्यात.

किडनीवाल्याचा_भाऊ: एकच रुग्ण. आणि डोस थोडा असल्यामुळे तोही इन्सुलिन घेतोच.

सातारची_आई: मुलाला आज तेवढंच सांगते, की एकाच्या हातात पेशी टिकल्यात.