वाटणीनंतर निघालेलं कर्ज
दादा, वडील गेल्यावर हिस्से वाटून झाले आणि आता वर्षाने बँकेची नोटीस आलीय, तर पगारातून भरायचं का असं तुम्ही विचारलंय. नाही हो. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० तेच सांगतं. तुमच्या वाट्याला ४ लाख आले आणि कर्ज ९ लाख, तर ४ च्या वर तुमच्या खिशाला हात लागत नाही. पण वाटणी झाली म्हणून ते ४ सुटले असंही नाही बरं का!

आमच्याकडे निफाडला काकांच्या द्राक्षबागेवर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, सातबाऱ्यावर इतर हक्कात चक्क दिसत होता, कोणी बघितलंच नाही, वारसनोंद करून मोकळे झाले आणि जमीन विकायला काढली तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. तारण असलं की बोजा जमिनीसोबतच येतो.

तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर मात्र ही वाट्यापुरती मर्यादा विसरा, मग कर्ज तुमचंही. आणि रिकव्हरीवाला "फक्त इथे सही करा" म्हणाला तर घाईत करू नका, विनातारण उधारीच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं, त्याआत लेखी कबुली दिली की पुन्हा पहिल्यापासून मोजतात. आधी कर्जखात्याचा उतारा मागा, लेखी.