इंदूरहून दोन दिवस: महेश्वर की मांडू? सोबत आई आहे

गौरी_राजेंद्रनगर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई पुण्याहून येतेय. एक शनिवार-रविवार आम्ही दोघीच कुठेतरी जाऊ म्हणते. उज्जैन, ओंकारेश्वर तिचं झालंय आणि तिथल्या रांगा आता तिला झेपत नाहीत. लहानसं गाव हवं, सकाळचा चहा घेऊन रमतगमत फिरता येईल असं. गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या जितक्या कमी तितकं बरं. गाडी मीच चालवणार. ऑफिसातले सगळे म्हणतात, महेश्वर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे, मुक्काम कशाला? खरंच तसं आहे का?

निमाडची_लेक
अगं गौरी, मुक्काम करच. माझं माहेर मंडलेश्वरचं, महेश्वरपासून आठ-दहा किलोमीटरवर, म्हणून हक्काने सांगते. इंदूरच्या गाड्या अकराच्या सुमारास पोचतात. तोवर नर्मदेच्या घाटाचा दगड तापलेला असतो, नाववाले हाका मारत असतात, सगळीकडे फोटो चाललेले. पाच वाजले की ही माणसं परतीला लागतात आणि मग गाव गावकऱ्यांचं होतं. बायका दिवे सोडायला येतात, कुणी पाण्यात पाय सोडून बसतं, नर्मदेची परिक्रमा करणारे झोळी टेकवून ‘नर्मदे हर’ म्हणतात. आईला हे दाखवायचं असेल तर रात्री तिथेच राहायला हवं.

सकाळी लवकर राजवाड्यात जा. गाडी वर किल्ल्यापर्यंत जाते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. अहिल्याबाईंची गादी आणि देवघर तिथेच आहे. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, त्यानंतर बाईंनी राजधानी इथे आणली आणि १७९५ मध्ये इथेच देह ठेवला. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार जिथून चालला ती जागा किती साधी आहे ते बघ, लाकडी खांब आणि बसकी बैठक. सकाळी लिंगार्चन असतं. ब्राह्मण काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगं लाकडी पाटावर ओळीने मांडतात, पूजा करतात आणि मग नर्मदेत सोडतात. बाईंच्या काळापासूनची ही प्रथा रोज चालू आहे. मला तर अख्ख्या महेश्वरात याहून मोलाचं काही वाटत नाही.

महेश्वरी साडी घ्यायची असेल तर दुकानात शिरण्याआधी माग बघा. रेहवा सोसायटी ही इथली हातमागाची संस्था १९७९ पासून हे काम करतेय. साडीचा उभा धागा रेशमी, आडवा सुती, म्हणून ती हलकीही असते आणि चमकतेही. काठ उलटून बघायचा, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. जुन्या पद्धतीच्या पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे. काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांतून उचललेली आहे. आधी घाट बघून मग मागावर गेलात तर आई स्वतःच ओळखेल.

धारकर_प्र
माझं मत मांडूला, पण पावसाळ्यात. श्रावणात जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरलेले असतात आणि ढग अंगावरून जातात, ते दृश्य वेगळंच. मात्र पावसाळ्यातल्या रविवारी गाड्यांची रांग लागते, त्यामुळे गेलात तर मधल्या वारी जा. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, पण होशंगशाहची संगमरवरी कबर आणि खुरासानी चिंचेची ती अवाढव्य झाडं कधीही बघावीत. रूपमती मंडपाला मात्र चढ आहे. आईंचा विचार करता या खेपेला महेश्वरच बरं.

जुना_तुकोगंजवाला
जाताना ए. बी. रोडने (आग्रा-मुंबई रस्त्याने) मानपूर, धामनोद करून जाण्यापेक्षा महूवरून जाम दरवाजामार्गे मंडलेश्वरला उतरा. अहिल्याबाईंच्या काळातली ती वेस माळव्याच्या अगदी कडेवर उभी आहे, खाली सगळं निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल मुलूख, पसरलेलं दिसतं. घाट वळणांचा आहे, अंधार पडायच्या आत उतरा.
हाताशी आणखी एक दिवस असेल तर सनावदच्या बाजूला रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी ते तिथेच नर्मदाकाठी गेले. पुण्याच्या माणसाने शनिवारवाडा पाहिलेला असतो, इथवर फार थोडे येतात.

गौरी_राजेंद्रनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. महेश्वर नक्की! निमाडच्या मावशी, तीन गोष्टी विचारते. किल्ल्यावरून घाटावर उतरायला पायऱ्या किती कठीण आहेत? सहस्रधारा करावी का? आणि थंडीचे कपडे किती घेऊ?

निमाडची_लेक
पायऱ्या दगडी, उंच आणि बऱ्याच आहेत. उतरायला हरकत नाही, चढताना त्रास होतो. आईंना हळूहळू एकदाच उतरू दे, वाटेत छत्रीच्या (स्मारकाच्या) अंगणात बसवून कोरीवकाम बघू दे. परत वर चढवू नकोस, गावातून रिक्षा करून फिरून वर या.

सहस्रधारा जरूर करा. काळ्या खडकांतून नर्मदा असंख्य धारांनी फुटून वाहते. पावसाळ्यात पुराखाली हे सगळं बुडतं, डिसेंबरात छान दिसतं. खडकांवर शेवाळ असतं, त्यामुळे आईंनी काठावरूनच बघावं, आणि तूही पाण्यात उतरू नकोस. वरून शांत दिसलं तरी पाण्याला ओढ असते.

कपडे इंदूरपेक्षा कमी लागतील. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, महेश्वर दीडशेच्या आसपास, डोंगरातला घाटरस्ता उतरला की हवा बदलते. पहाटेच्या काठासाठी एक शाल पुरे.

तारीख ठरवताना कालनिर्णय बघ. पौर्णिमा, अमावास्येला स्नानाची गर्दी असते, ते शनिवार-रविवार टाळ. जेवायला निमाडी जेवण मिळतं का विचार: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची लाल चटणी. कुठे जमलं नाही तर मला निरोप कर. मंडलेश्वरला माझी वहिनी आहे, ती आनंदाने करून घालेल.