रास्पबेरी पाय ३बी वर रिपग्रेप बिल्ड करताना शेवटच्या टप्प्यावर 'सिगकिल'

शिरोली_लॉगर
शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवणारा पाय (छोटा संगणक) आहे: ३बी, १ जीबी रॅम, ६४ बिट बुकवर्म (डेबियन १२ वरची ओएस), डेस्कटॉपसकट. एप्टमधून (ओएसचा पॅकेज मॅनेजर) रिपग्रेप, म्हणजे फायलींत मजकूर शोधणारं टूल, १३ मिळतं. आमचे लॉग तारखेच्या क्रमानं असतात, म्हणून १४ मधलं --स्टॉप-ऑन-नॉनमॅच हवंय. त्या दिवसाच्या ओळी संपल्या की फाइल पुढं वाचायची गरजच नाही.

एप्टचं रस्टसी (रस्ट भाषेचा कंपायलर) १.६३ चं, १४.१ किमान १.७२ मागतं. म्हणून रस्टअपनं (रस्टचा इन्स्टॉलर) नवीन टाकलं आणि ही आज्ञा दिली:

कार्गो बिल्ड --प्रोफाइल रिलीज-एलटीओ --फीचर्स पीसीआरई२

बाकीचे क्रेट (रस्टची पॅकेजं) होतात, शेवटी रिपग्रेपवर येऊन अडकतं आणि 'सिग्नल: ९, सिगकिल'. तीनदा केलं, तिन्ही वेळा तिथंच. वीज कमी पडतेय का ते सांगणारं 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ०एक्स५०००५ दाखवतंय. भट्टी चालू झाली की लाइट खाली येते, त्याचा संबंध असेल का?

तांबडा_पांढरा
दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नको.

सिगकिल म्हणजे मेमरी संपली आणि कर्नलनं रस्टसीला मारलं. 'सुडो डीमेसेज' च्या शेवटी 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ सापडेल. दरवेळी एकाच जागी मरतंय, हीच खूण. वीज किंवा कार्ड खराब असतं तर कधी या क्रेटवर, कधी त्या क्रेटवर सेगफॉल्ट आला असता.

मूळ कारण तू निवडलेलं प्रोफाइल. रिलीज-एलटीओ मध्ये फॅट एलटीओ आणि कोडजेन-युनिट्स १ आहे. सगळ्या क्रेटचा कोड एकत्र आणून एकच रस्टसी प्रोसेस तो एका दमात ऑप्टिमाइझ करते. त्यामुळं इथं -जे १ (एका वेळी एकच काम) देऊनही काही उपयोग नाही, प्रोसेस आधीच एक आहे. हे प्रोफाइल रिलीजच्या फायली बनवणाऱ्या मोठ्या मशीनसाठी आहे. लॉग शोधायला साधं रिलीज भरपूर झालं.

आणि पीसीआरई२ कशाला? लुकअराउंड किंवा बॅकरेफरन्स (रेजेक्सच्या जादा सोयी) वापरत नसशील तर काढून टाक.

सुडो सिस्टिमसीटीएल आयसोलेट मल्टी-यूजर.टार्गेट
कार्गो क्लीन
कार्गो_प्रोफाइल_रिलीज_डीबग=० कार्गो बिल्ड --रिलीज -जे २

पहिल्या ओळीनं डेस्कटॉप बंद होतो, तेवढीच रॅम मोकळी (एसएसएचवरून कर, म्हणजे स्क्रीन गेल्याची काळजी नाही). तिसरीतलं व्हेरिएबल महत्त्वाचं: रिपग्रेपच्या रिलीज प्रोफाइलमध्ये डीबग = १ आहे आणि ती डीबग माहिती लिंक करताना मेमरी खाते. एवढं करूनही मेलं तर -जे १, आणि /ईटीसी/डीफिज-स्वॅपफाइल मध्ये कॉन्फ_स्वॅपसाइझ=२०४८ करून (स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची कार्डवरची जागा) 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डीफिज-स्वॅपफाइल'. काम झालं की स्वॅप परत कमी कर, एसडी कार्ड झिजतं.

रंकाळा_रूट
०एक्स५०००५ म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आणि थ्रॉटलिंग (वेग उतरवणं) चालू, शिवाय बूट झाल्यापासून दोन्ही आधीही घडलंय. पायला मिळणारं व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की हा बिट लागतो.

भट्टीला दोष देण्याआधी केबल बघा. लाइट थोडी खाली-वर झाली तरी बरा ॲडॉप्टर ५ व्होल्ट धरून ठेवतो. मोबाइल चार्जरची पातळ, लांब मायक्रो यूएसबी वायर मात्र चारही कोर पळायला लागले की व्होल्टेज पाडते. ३बी ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा, वायर जोडूनच येणारा ॲडॉप्टर लावा. बदलल्यावर रीबूट करा, नाहीतर आधीचे बिट तसेच दिसत राहतात. बिल्ड चालू असताना 'व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प' पण बघा. ८० अंशांच्या पुढं क्लॉक उतरतो आणि भट्टीशेजारच्या बंद डब्यात तेवढं व्हायला वेळ लागत नाही.

टार्गेट फोल्डर पेनड्राइव्हवर नेणार असाल तर आधी तो ईएक्सटी४ करा. एफएटी३२ वर बिल्ड स्क्रिप्ट 'परमिशन डिनाइड' म्हणून अडतात.

कंपायलर_कट्टा
मुळात बिल्ड करायचंच कशाला राव? प्रकल्पाच्या रिलीज पानावर १४.१.१ ची आर्च६४ लिनक्स जीएनयू टारबॉल तयार आहे. उतरवा, उलगडा, संपलं. फक्त 'यूनेम -एम' वर विसंबू नका. ३२ बिट ओएसवरही कर्नल ६४ बिट असू शकतो, मग ते आर्च६४ च सांगतं. 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' विचारा. एआरएम६४ आलं तर आर्च६४, एआरएमएचएफ आलं तर आर्मव्ही७ ची फाइल.

लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल (पायसाठीची बायनरी तिथं बनवणं) करायचा विचार असेल तर एक खड्डा आहे. उबुंटू २४.०४ चं जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३९, बुकवर्मचं २.३६. तिथं लिंक केलेली बायनरी पायवर 'जीएलआयबीसी_२.३९ नॉट फाउंड' म्हणू शकते. २२.०४ च्या कंटेनरमध्ये केली तर २.३५ असल्यानं अडचण नाही.

शिरोली_लॉगर
तयार बायनरी बघितलीच नव्हती. तरी सोर्समधूनच केलं: डेस्कटॉप बंद, डीबग ०, -जे २, पीसीआरई२ शिवाय. स्वॅपला हात न लावता झालं. ॲडॉप्टर उद्या शाहूपुरीत बघतो.

पण 'सुडो इन्स्टॉल -एम ७५५ टार्गेट/रिलीज/आरजी /यूएसआर/लोकल/बिन/' करूनही 'आरजी --व्हर्जन' (आरजी ही रिपग्रेपची आज्ञा) १३ च सांगतंय.

तांबडा_पांढरा
बॅशनं जुना पत्ता लक्षात ठेवलाय. 'हॅश -आर' मार. आणि एप्टचं काढूनच टाक, क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) पाथ वेगळा असतो, तिथं गुपचूप १३ चालेल.