वजनकाट्याचा जुना जी41 मदरबोर्ड: 4 जीबीची रॅमची पट्टी लावली की पडदा काळा

काटेवाला_सावदा:
राम राम मंडळी. सावद्याजवळ आमचा वजनकाटा आहे, केळीच्या गाड्या येतात. केबिनमध्ये 2010 पासून एकच कॉम्प्युटर. जी41 चिपसेटचा बोर्ड, 775 सॉकेट, पेंटियम ई5300, रॅमच्या एकेक जीबीच्या दोन डीडीआर3 पट्ट्या, विंडोज 7 (32 बिट). काट्याचा इंडिकेटर मागच्या नऊ पिनच्या कॉम (सिरीयल) पोर्टला आणि पावतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एलपीटीला (पॅरलल पोर्टला) जोडलाय, म्हणून बोर्ड बदलायला मन धजत नाही.

हल्ली सकाळी चालू केला की चहा पिऊन कप विसळून झाला तरी ते निळं कडं फिरतंच असतं. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न देऊन राहिले. म्हणून 4 जीबीची पट्टी आणली. लावली तर पडदा काळा आणि नुसतं बीप-बीप. जुन्या लावल्या की सुरू. दुकानदार म्हणे बोर्ड गेला, नवा घ्या. गेला असता तर जुन्या पट्ट्यांवर चालला कसा असता भो?

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपांवरची वेगवान डिस्क) चालेल का? क्वाड कोर, म्हणजे चार कोरचा प्रोसेसर टाकू का? आणि परवा पावतीवर 01/01/2009 तारीख छापून आली, व्यापाऱ्याने पावती परत केली, ते वेगळंच.

भुसावळकर_नाना:
भाऊ, बोर्ड ठणठणीत आहे. नवी पट्टी हातात घ्या आणि तिच्यावरचे काळे चौकोन मोजा. एका बाजूला 8 आणि दुसरी बाजू कोरी असेल तर घोळ तिथेच आहे. जी41 ला एका चिपमधली 2 गिगाबिटपर्यंतचीच मेमरी ओळखता येते (8 गिगाबिट म्हणजे 1 जीबी). 8 चिपांच्या 4 जीबी पट्टीत एकेक चिप 4 गिगाबिटची, ती त्याच्या डोक्यावरून जाते. दोन्ही बाजूंना 8-8 अशी 16 चिपांची पट्टी चालते.

पण ती शोधत हिंडू नका. 32 बिट विंडोज 4 जीबीच्या वर वापरतच नाही, त्यातही ऑनबोर्ड ग्राफिक्स वगैरे आपला वाटा काढतात, सव्वातीनच्या आसपास उरतं. बोर्ड 8 जीबी घेतो खरा, पण तुमच्याकडे ते खायला तोंड नाही. 2-2 जीबीच्या दोन घ्या. चिपा 8 असोत की 16, चालतात, आणि ड्युअल चॅनलही मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्या जातात.

एसएसडी डोळे झाकून टाका. डिस्क जोडायचं साटा सेकंदाला 3 गिगाबिटचं आहे, त्यामुळे ती पूर्ण वेगाने पळणार नाही, पण हार्ड डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावण्यात तुमची सकाळ जाते, ती वाचेल. बायोसमध्ये एएचसीआय (डिस्क चालवायचा नवा मोड) शोधत बसू नका, बोर्डावरच्या साध्या आयसीएच7 चिपमध्ये ते नसतंच. जुन्या आयडीई मोडवर चालते. आणि विंडोज नव्याने टाकू नका, जुन्या डिस्कचं क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करा. काट्याचं सॉफ्टवेअर टाकून देणारा माणूस आता सापडणार आहे का?

तारखेचं कारण बोर्डावरचा संपलेला सीआर2032 बटन सेल. बदलल्यावर बायोसमध्ये तारखेसोबत पॅरलल आणि सिरीयल पोर्टची सेटिंगही बघा.

तापीकाठचा:
नानांशी सहमत. क्वाड कोरच्या नादी लागू नका. तुमचा ई5300 65 वॅटचा, चार कोरचा क्यू8400 95 वॅटचा. मे महिन्यात सावद्याच्या केबिनमध्ये कशाला आणखी एक चूल? वजन वाचून पावती छापायला चार कोर लागत नाहीत. त्यापेक्षा कूलर काढून साफ करा, नवी पेस्ट लावा. आमच्या जिनिंगमधल्या मशीनच्या कूलरमधून कापसाची अख्खी गादी निघाली होती.

विंडोज 11 चं कोणी सुचवलं तर सोडून द्या. त्याच्या 24एच2 आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना लागते, ती ई5300 मध्ये नाही, विंडोज सुरूच होत नाही. आणि विंडोज 7 ला नेट जोडू नका.

पुढे बोर्ड खरंच गेला तर यूएसबी ते सिरीयलची वायर मिळते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिचा पोर्ट नंबर बदलून कॉम1 करा, जुनी सॉफ्टवेअरं बहुतेक कॉम1 वरच अडून बसतात.

काटेवाला_सावदा:
मोजल्या. आठच. मागची बाजू कोरी पाटी. दुकानदार पट्टी परत घ्यायला तयार नाही, जाऊ द्या.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाऊन 2-2 जीबीच्या जुन्या पट्ट्या आणि 120 जीबीची एसएसडी आणली. आधी एकच पट्टी दिसली. दुसरीच्या पिना पोराच्या खोडरबरने घासल्या, तेव्हा दिसली. सेल बदलला तर प्रिंटर मुका! पॅरलल पोर्टचा मोड बदलून बसला होता, नाना, तुमचा शेवटचा ओळभर सल्ला आठवला म्हणून वाचलो. कूलर रविवारी काढतो.

आता गाडी काट्यावर चढेपर्यंत स्क्रीन तयार असते. ती 4 जीबीची पट्टी पडून आहे. कोणाचा एच61 चिपसेटचा (नंतरच्या पिढीचा) बोर्ड असेल तर घेऊन जा, चहा माझ्याकडे.