लोखंडी नांगर खपेना तेव्हा किर्लोस्करांनी काय केले?

प्रश्न : माझा शेतीअवजारांचा छोटा कारखाना आहे. नवे कोळपे (पिकातले तण काढायचे अवजार) पाहणारे त्याचे कौतुक करतात, पण विकत कोणी घेत नाही. आता रचनाच बदलावी की धीर धरावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायलाच सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तरी औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. धीर धराच.

प्रतिसाद २ : नुसत्या धीराने भागले नसते, असे मला ठामपणे वाटते. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा याच माणसाने कोल्हापूर संस्थानाच्या जुन्या तोफा मिळवून त्यांचे लोखंड वापरले. तशीच खटपट आपणही करावी : एका हंगामापुरते कोळपे दोन-तीन शेतकऱ्यांना वापरायला द्यावे आणि पास (कोळप्याचे पाते) कुठे झिजते, दांडा कोणाला आखूड पडतो, हे बांधावर उभे राहून स्वतः पाहावे.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. येत्या खरिपात कोळपे वापरायला देतो.