घडीच्या चाकूच्या मुठीवर जे "स्केल" असतात त्याला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

घडीच्या चाकूची मूठ अख्ख्या एका तुकड्याची नसते, हे ज्यांनी चाकू निरखून बघितलाय त्यांना माहिती असेल. मधे पातं मिटून बसायला फट, फटीच्या दोन्ही अंगाला पितळेचे नाहीतर लोखंडाचे पातळ पत्रे, पाठीमागं कमान म्हणजे स्प्रिंग, आणि पत्र्यांच्या बाहेरून आपल्या हाताला लागतात ते लाकडाचे किंवा हाडाचे किंवा प्लास्टिकचे दोन तुकडे. या बाहेरच्या दोन तुकड्यांना इंग्रजीत स्केल्स म्हणतात. मला त्याला मराठी शब्द पाहिजे.

का पाहिजे ते सांगतो. आमचे आप्पा मिलमध्ये होते तेव्हापासूनचा त्यांचा एक चाकू आहे, सूत कापायला खिशात असायचा, आता पेरू कापायला असतो. गेल्या मे महिन्यात त्याच्या एका बाजूचं लाकूड दोन खिळ्यांच्या मधे उभं चिरलं. सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळीसच्या वरच, लाकूड सुकून आखडतंय पण आतलं पितळ काय आखडत नाही, आणि दोन्ही टोकं रिबिटांनी धरून ठेवलेली, मग ते मधेच फाटणार. ते बदलायला साखर पेठेत एका सुतारकाम करणाऱ्यांकडे गेलो, म्हटलं मालक चाकूचं हँडल बदलायचंय, तर त्यांनी कानशीला घालतात तसला गोल लाकडी दांडा काढून पुढं ठेवला. म्हटलं हा नको, हँडलच्या साइडचं ते दोन्हीकडचं असतंय ना ते. "ते म्हणजे कुठलं?" आणि मला शब्दच सापडेना. चाकू नेमका घरी राहिलेला, दाखवायला पण नाही. घरी येऊन फोनवर "हँडल स्केल्स"चं भाषांतर केलं तर "तराजू हाताळा" असं आलं.

तराजू का आलं ते नंतर शोधल्यावर कळलं. इंग्रजीत स्केल हा एक शब्द दिसतो पण आत तीन आहेत. माशाचा खवला म्हणजे स्केल, हा जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ टरफल, कवच असा. तराजूचं स्केल जुन्या नॉर्स भाषेतल्या वाटी अशा अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे आपलं पारडं. आणि मोजमापाचं, नकाशाचं, गाण्याचं स्केल लॅटिनमधल्या शिडीवरून. चाकूचं स्केल पहिल्या घरातलं, टरफलवालं. म्हणून मी आधी "टरफल" म्हणून बघितलं, आपल्याकडं शेंगा फोडताना दोन टरफलं हातात येतात आणि मधे दाणे असतात, चाकूची रचना अगदी तीच आहे की, दोन टरफलं आणि मधे पातं. पण टरफल म्हटलं की टाकून द्यायची गोष्ट वाटते, आप्पांच्या चाकूला तो शब्द लावायला मन होईना.

तुमच्याकडं काय म्हणतात?

प्रतिसाद

मूठ म्हणा की सरळ. मूठ बदलायची म्हटलं की कुणालाही कळतं.

विचारणारा

दादा, कळतं पण चुकीचं कळतं, तेच तर झालं. मूठ म्हणजे सगळं मिळून, त्यात पत्रे आले, कमान आली, रिबिटा आल्या. विळ्याची मूठ, कोयत्याची मूठ ही खरंच एक वस्तू असते, पात्याचा शेपटासारखा भाग लाकडात ठोकून घातला की झाली, ती अख्खी काढून दुसरी घालता येते. घडीच्या चाकूत मूठ हेच पात्याचं घर आहे, ती बदलायची म्हटलं तर चाकूच नवा घ्यावा लागेल. मला फक्त वरचं बदलायचंय. पण मूठ हा शब्द मला फार आवडतो, हाताची मूठ आणि हत्याराची मूठ एकच, संस्कृत मुष्टीवरून आलेला. "दस्ता" पण म्हणतात काही जण, तो फारसीतला, आणि त्यात पण हातच आहे, दस्त म्हणजे हात.

प्रतिसाद

आम्ही अशोक चौकाकडचे, घरी तेलुगू. तुमच्या मुठीचं जे म्हणताय तेच आमच्यात पण आहे बघा, हत्याराची मूठ म्हणजे पिडि आणि हाताची मूठ म्हणजे पिडिकिलि. आमच्या शेजारी कानडी घर आहे, ते हिडि म्हणतात. प चा ह झालाय एवढंच, आम्ही दुधाला पालु म्हणतो ते हालु म्हणतात, तसंच. म्हणजे सोलापुरातल्या तिन्ही भाषांत चाकू धरायची जागा आणि धरणारा हात यांना एकमेकांजवळचेच शब्द आहेत.

तुमच्या स्केलला मी घरात बोलताना चिप्पा म्हणेन. चिप्पा म्हणजे शिंपला, करवंटी, नारळ फोडला की अर्ध्या भागाला कोब्बरि चिप्पा म्हणतो आम्ही. कानडीत चिप्पु, कासवाचं कवच पण चिप्पुच. तुम्ही सांगितलेल्या टरफलाच्या अर्थाला हा एकदम लागून आहे आणि टाकून द्यायचा वास पण येत नाही. मराठीत चालेल का माहिती नाही, पण आपल्या गावात निम्म्यांना तरी कळेल.

प्रतिसाद

मी शिलाईकाम करते, चाकूतलं कळत नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून लगेच वाटलं की हे तर अस्तर आणि अभ्रा. आतला पातळ पत्रा म्हणजे अस्तर, तो दिसत नाही पण कपड्याला उभं धरतो. बाहेरचं जे दिसतं, हाताला लागतं, ते अभ्रा. आता आपण अभ्रा फक्त उशीला म्हणतो पण तो शब्द मुळात दुहेरी कापडाच्या बाहेरच्या पदराचा आहे, अस्तर आणि अभ्रा ही फारसीतली जोडीच आहे. आणि मळला फाटला की अभ्रा बदलायचा, आत हात लावायचा नाही, तुम्हाला पण तेच करायचंय ना?

विचारणारा

ताई, अस्तर मी घेतला! इंग्रजीत त्या पत्र्यांना लायनर्सच म्हणतात, म्हणजे अस्तरच, आणि मी दोन दिवस "आतला पत्रा, आतला पत्रा" लिहित बसलोय. इतका नेमका शब्द घरातल्या कपाटात लोंबतोय आणि सुचला नाही. अभ्रा मात्र मऊ वाटतोय, लाकडाला आणि हाडाला अभ्रा म्हटलं तर ऐकणारा कापडाचं कव्हर समजणार. अर्थ बरोबर आहे, हाताला बरोबर लागत नाही.

प्रतिसाद

फिटर आहे, आयटीआय केलंय, आता रिटायर. असली कामं बरीच केलीत म्हणून सांगतो, तुम्ही सगळे शब्द लांबून आणताय. पट्टी म्हणा. "मुठीच्या पट्ट्या." कुठल्याही सुताराला, फिटरला, लोहाराला सांगा, दोन बोटं रुंद, चपटं, लांबट असं जे काय ते पट्टी. लाकडाची असो, पितळेची असो, हाडाची असो.

कामाचं पण सांगतो कारण शब्द कामातूनच कळतोय. आधी रिबिटीचं एका बाजूचं डोकं कानशीनं सपाट करायचं, मग पंचानं हळू बाहेर काढायची. सगळ्या रिबिटी काढायच्या नाहीत, ज्या रिबिटीवर पातं फिरतं ती काढली की कमान सुटते, चाकू हातात पाच तुकड्यांत येतो आणि परत बसवताना घाम फुटतो. काही चाकूंत पट्टीला वेगळ्या बारीक रिबिटी असतात, त्या तेवढ्या काढल्या की पट्टी निघते. नवीन पट्टी शिसवीची करा नाहीतर बाभळीची, चांगली सुकलेली पाहिजे. भोकं पाडताना जुनी पट्टी, चिरलेली असली तरी, वर ठेवून त्यातनंच ड्रिल घालायचं, म्हणजे जागा हलत नाही. खाली अराल्डाइट लावायचं पण त्याच्यावर विसंबायचं नाही, धरून ठेवायचं काम रिबिटीचं आहे. आणि रिबीट ठोकताना घाव घालायचा नाही, टिचक्या मारल्यासारखं बारीक बारीक ठोकत डोकं पसरवायचं, एक घाव जास्त पडला की नवी पट्टी पण तिथंच चिरली.

न्हाव्याच्या जुन्या घडीच्या वस्तऱ्याला पण दोन पट्ट्याच असतात, मधे पातं मिटतं. इंग्रजीत त्यांना पण स्केलच म्हणतात.

प्रतिसाद

काका पट्टी बरोबर आहे पण शब्दाला आधीच किती ओझं आहे बघा. मोजायची पट्टी, जखमेची पट्टी, घरपट्टी, पाणीपट्टी, पेटीवाल्याची काळी दोनची पट्टी. आमचा कांदा मार्केट यार्डात जातो, तिथं तर पट्टी म्हणजे आडत्यानं दिलेला हिशोबाचा कागद, "पट्टी आली का?" म्हटलं की घरात सगळ्यांचे कान टवकारतात. त्यात आणि चाकूची पट्टी घातली तर?

विचारणारा

हे वाचून मी एकदम थांबलो. तुम्ही यादी केलीय ती परत वाचा. मोजायची पट्टी म्हणजे इंग्रजीत स्केल. काळी दोनची पट्टी, म्हणजे गाण्याची, ती पण स्केल. आणि काका सांगतायत ती चाकूची पट्टी, ती पण स्केल. इंग्रजीत हे शब्द वेगवेगळ्या मुळांतून येऊन एका स्पेलिंगमध्ये बसलेत, एक टरफलातून, एक शिडीतून. आपल्याकडं मात्र एकच पट्टी, चपटी लांबट वस्तू, तिथूनच सगळीकडं पसरलीय. कुणी भाषांतर करून जुळवलेलं नाही, आपापलं जुळून आलंय. मला याचा इतका आनंद झालाय की आप्पांना उठवून सांगितलं.

ओझ्याचं म्हणाल तर, शब्द एकटा कधी येत नाही की. यार्डात पट्टी म्हटलं की कुणी चाकू काढत नाही. "मुठीची पट्टी" म्हटलं की संपलं. आणि तुमची शंका एका ठिकाणी खरी होती, आतल्या पितळेच्या पत्र्याला पण पट्टी म्हणता येईल आणि मग घोटाळा होईल, पण तो ताईंनी आधीच सोडवलाय. आतलं अस्तर, वरची पट्टी.

प्रतिसाद

माझ्याकडं लाल स्विस चाकू आहे, त्याची एक बाजू तुटलीय, त्याला पण हेच का? रिबीट कुठं दिसतच नाही.

प्रतिसाद

फिटरच. त्याला ठोकाठोकी नाही. इबाख गावात १८८४ साली सुरू झालेली व्हिक्टोरिनॉक्स, त्यांचा तो लाल चाकू, नेहमीचा ९१ मिलिमीटरचा. त्यात रिबिटींची डोकी पट्टीच्या खाली, अस्तरावर असतात, आणि प्लास्टिकच्या पट्टीला आतून खळगे असतात, ते त्या डोक्यांवर दाबून बसतात. एका टोकाला पातळ पातं घालून हळू उचकटायचं, गरम पाण्यात थोडा वेळ धरलं तर प्लास्टिक जरा नरम पडतं. नवी पट्टी जागेवर धरून अंगठ्यानं दाबायची, टक् आवाज येतो. दात कोरायची काडी आणि चिमटा ज्या पट्टीत राहतात ते बघून घ्या, डावी उजवी वेगळी असते. ॲल्युमिनियमच्या मुठीचा असेल तर मात्र असं निघणार नाही, तिथं पट्टीच रिबिटीत धरलेली असते.

विचारणारा

काकांचं बोलणं वाचताना अजून एक लक्षात आलं, क्रियापदं. लाकडाची पट्टी "बसवतात", रिबीट "मारतात", प्लास्टिकची पट्टी काका "दाबून बसते" म्हणाले, मी असतो तर "चढवतात" म्हटलं असतं कारण वरून येऊन पकडते, गलेफ चढवतो तसं. धार "लावतात" आणि गेली की "काढून आणतात". आणि पट्टी बदलून झाल्यावर आप्पा म्हणाले चाकू "उजवला", म्हणजे उजळला, नवा झाला या अर्थानं, हे मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

हो, काम झालं. शनिवारी परत साखर पेठेत गेलो, यावेळी चाकू खिशातच ठेवला, मुद्दाम काढला नाही, फक्त म्हटलं, "मालक, घडीच्या चाकूच्या मुठीच्या पट्ट्या बदलायच्यात, अस्तर चांगलं आहे, त्याला हात लावायचा नाही." ते म्हणाले, "पट्ट्या होय? मग त्या दिवशी सांगायचं की. दोन्ही का एकच?" अस्तर म्हटल्यावर एक क्षण बघितलं, मग मान हलवली, विचारलं नाही काय म्हणून.

दोन्ही बदलल्या. एक जुनी एक नवी हाताला वेगळी लागली असती. त्यांनी सांबरशिंगाचं पण नाव काढलं, जुन्या भारी चाकूंना असायचं ते, पण ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं, त्याच्या वाटेला जायचं नाही. बाभळीच्या घेतल्या, काकांनी सांगितलं तसं जुन्या पट्टीतनंच भोकं पाडली.

आता पुढचा प्रश्न. मुठीच्या टोकाला, पातं जिथं फिरतं तिथं, काही चाकूंना धातूची जाड टोपी असते, इंग्रजीत बोल्स्टर. काठीच्या टोकाला असते ती शेंबी, तोच शब्द इथं आणावा असं मला वाटतंय. पण शेंबी गोल, टोकावर ओवलेली असते आणि ही दोन बाजूंना दोन वेगळी. फिटर काका, तुमच्याकडं काय म्हणायचे?

प्रतिसाद

आम्ही टोपीच म्हणायचो. पण शेंबी चांगला आहे. घ्या.